गावोगावचे प्रौढ वर्ग आणि डिजिटल शिक्षण: संघानं नेमकं काय उचलायचं

गावातला प्रौढ शिक्षणाचा वर्ग डिजिटल होताना अडतो तो फार साध्या गोष्टींवर. फोनमध्ये जागा उरलेली नसते. पाठवलेली फाइल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शिकवणाऱ्या ताईंना प्रश्न पडतो रात्री आठ वाजता, आणि उत्तर देणारं कार्यालय सहालाच बंद झालेलं असतं. यातली एकही अडचण एकट्या गावाची नसते. तरी प्रत्येक गाव ती आपापली सोडवत बसतं, आणि दोन महिन्यांत वर्ग पुन्हा पाटी-पेन्सिलीवर येतो.

हा लेख अशा वर्गांच्या वर असलेल्या संस्थांसाठी आहे. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला प्रभागसंघ (आसपासच्या गावांतल्या बचत गटांचा संघ), महिला आर्थिक विकास महामंडळाचं लोकसंचलित साधन केंद्र (बचत गटांच्या पाठीशी असणारं केंद्र), किंवा जिल्ह्यातल्या दहा-वीस संस्थांनी मिळून केलेला महासंघ. सोयीसाठी या सगळ्यांना पुढे ‘संघ’ म्हटलं आहे. संघानं स्वतः वर्ग चालवायला जाऊ नये आणि स्वतःचं अ‍ॅप काढायच्या फंदातही पडू नये. जे काम चोवीस गावांत चोवीस वेळा करावं लागलं असतं, ते एकदाच नीट करून द्यावं. बाकी सगळं गावावर सोडावं.

याचं जर्मनीतलं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे ‘फोल्क्सहोखशूल’ नावाची लोकशिक्षण केंद्रं गावागावांत आहेत, सुमारे 900. प्रत्येक केंद्र आपापल्या कारभारात स्वतंत्र. त्यांच्या शिखर संघटनेनं 2018 मध्ये सर्वांसाठी एकच ऑनलाइन व्यासपीठ उभं केलं, त्याचं नाव ‘व्हीएचएस क्लाउड’. चार-पाच माणसांवर चालणाऱ्या केंद्राला स्वतःचा सर्व्हर ठेवणं, माहिती-सुरक्षेचे नियम तपासणं, शिक्षकांना तांत्रिक मदत देणं कधीच जमलं नसतं. 2020 च्या मार्चमध्ये वर्ग बंद पडले तेव्हा हे व्यासपीठ हाताशी तयार होतं. कोणता अभ्यासक्रम घ्यायचा, कोणत्या वेळी घ्यायचा हे मात्र शेवटपर्यंत केंद्रांच्याच हातात राहिलं. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, मनुष्यबळही नाही, पण कामाची ही वाटणी जशीच्या तशी लागू पडते.

आधी मोजणी, खरेदी नंतर

‘घरात स्मार्टफोन आहे का?’ हा प्रश्न विचारला की बहुतेक घरांतून ‘हो’ येतं, आणि त्या ‘हो’चा काही उपयोग नसतो. फोन मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा रात्री दहाला घरी येतो. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘काल तुम्ही स्वतः फोन हातात घेऊन काय काय केलंत?’ उत्तर ‘आलेला फोन उचलला’ एवढंच असेल, तर तिची सुरुवात कुठून करायची ते तिथेच ठरतं.

प्रत्येक शिकणारीमागे एक कागद पुरतो. त्यावर इतकंच: फोन कुणाचा, संध्याकाळी कुणाच्या हातात, साधा की स्मार्ट, आतली रिकामी जागा किती, रिचार्ज संपल्यावर किती दिवसांनी पुन्हा होतो, बँक खात्याला जोडलेला नंबर कुणाचा, आणि तिला अक्षरं व आकडे कुठवर येतात. हा शेवटचा मुद्दा विचारून समजत नाही. समोर विजेचं बिल ठेवा आणि रक्कम दाखवायला सांगा.

बँकेला जोडलेल्या नंबरचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. बऱ्याच बायांच्या खात्याला मुलाचा, दिराचा, नाहीतर बंद पडलेला नंबर जोडलेला असतो. तो बदलायला बँकेत जावं लागतं आणि त्यात दिवस जातात. हे काम वर्ग सुरू होण्याआधी बँक सखीकडे, म्हणजे बचत गटांची बँकेतली कामं बघणाऱ्या बाईकडे, सोपवा. नाहीतर सातव्या-आठव्या धड्याला, बाई खरोखर तयार झालेली असते नेमकी तेव्हाच, गाडी अडते.

जागेचीही तपासणी करा, पण वर्गाच्याच वेळेला. दुपारी दोनला शाळेच्या आवारात नेटवर्क छान असतं. रात्री आठला सगळं गाव फोनवर असतं, तेव्हा तिथेच व्हिडिओ फिरत राहतो. समाजमंदिर, शाळा, अंगणवाडी, एखादीची ओसरी अशा तीन-चार जागी तीन वेगवेगळ्या संध्याकाळी तपासा. भारनियमनाची वेळ आणि जवळच्या चालू प्लगाची जागाही लिहून ठेवा. केरळमधल्या पुल्लमपारा या पंचायतीत डिजिटल साक्षरतेचं काम झालं, तेव्हा रोजगार हमीच्या कामावर जाऊन शिकवण्यावर भर होता, कारण बाया तिथे जमलेल्याच असायच्या. आपल्याकडेही बचत समूहाच्या बैठकीचा दिवस हा तयार जमाव आहे. वर्गासाठी वेगळा दिवस शोधण्याआधी त्या बैठकीला जोडून घेता येतं का ते बघा.

पेटी

प्रत्येक वर्गाला फोन देण्याचा मोह टाळा. समजा संघाखाली 24 गावं आहेत आणि प्रत्येक वर्गात 15 बाया. तिघींत एक फोन धरला तर वर्गाला 5 फोन लागतात. प्रत्येक गावाला वेगळे दिले तर 120 फोन होतात, आणि ते पाच दिवस कपाटात पडून राहतात. त्याऐवजी 8 पेट्या करा. एक पेटी शेजारच्या 3 गावांत फिरते, प्रत्येक गावी आठवड्यातून 2 संध्याकाळ. सहा दिवस भरले. सातवा दिवस चार्जिंग, साफसफाई आणि नवे धडे भरण्याचा. एकूण फोन 40, वर 4 राखीव.

पेटीत काय असावं: 6.5 इंचाच्या आसपास पडद्याचे, 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवणुकीचे एकाच मॉडेलचे 5 फोन. वेगवेगळी मॉडेलं घेतली की ताईंना दर फोनवर वेगळं बटण शोधावं लागतं. त्यासोबत एक ब्लूटूथ स्पीकर, फोनला थेट लागणारा 64 जीबीचा पेन ड्राइव्ह, सहा तोंडांचा चार्जर, 5 वायरी आणि 2 जादा, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड, 20,000 एमएएचची पॉवर बँक, मऊ कापड आणि एक वही. पॉवर बँकेवरचा आकडा वाचून हिशेब चुकतो. 20,000 लिहिलं म्हणजे 5,000 चा फोन चार वेळा भरतो असं होत नाही. वाटेत होणारी गळती धरून जेमतेम अडीच-तीन वेळा भरतो. म्हणजे पाच अर्धे उतरलेले फोन एका वर्गापुरते निभतात, त्याहून जास्त नाही.

सिम एकाच फोनात घाला, तेही संघाच्या नावावरचं. बाकीचे चार फोन नेटशिवाय चालतील अशा बेतानं धडे भरा. या सिमचा रिचार्ज ज्येष्ठ-आषाढात, पेरणीच्या धामधुमीत वर्ग थांबले तरी थांबवू नका. तीन महिने वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि त्या नंबरवर उघडलेली सगळी खाती त्याच्यासोबत जातात. खात्यांचा हाच घोळ दुसऱ्या वाटेनंही होतो. एखाद्या उत्साही कार्यकर्त्यानं स्वतःच्या नंबरवर पेटीचं गूगल खातं उघडलेलं असतं, तो नोकरी सोडून जातो, आणि पासवर्ड बदलायचा ओटीपी त्याच्या फोनवर येत राहतो. दर पेटीला एक खातं, परतीचा नंबर संघाचा, पासवर्ड बंद पाकिटात संघाच्या कपाटात.

पेटीच्या वहीत तीनच रकाने: कुणी दिली, कुणी घेतली, आत किती फोन होते. सहीऐवजी अंगठा चालेल, पण नोंद त्याच वेळी व्हायला हवी. पेटी गहाळ सहसा होत नाही. ती कुणा पदाधिकाऱ्याच्या घरी अडकून बसते आणि मागायला संकोच वाटतो. वहीत तारीख असली की मागणारी ताई एकटी पडत नाही.

पावसाळ्यात पेटी दोन महिने ठेवायची झाली तर फोन साधारण अर्धे भरलेले ठेवा. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत ठेवलेली बॅटरी कधी कधी पुन्हा उठतच नाही. पत्र्याच्या पेटीत, उन्हाच्या खोलीत ठेवू नका. फोनची पाठ फुगलेली दिसली की तो फोन त्याच दिवशी बाजूला काढा. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. फोनांच्या किमतीच्या साधारण दहा टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्तीसाठी वेगळी काढून ठेवावी असं आमचं मत आहे, कारण देणगीदार खरेदीला पैसे देतो, काच बदलायला कुणी देत नाही.

फोन हातात देण्याआधी

संघाच्या मदतनिसानं पाचही फोन एकसारखे लावून द्यायचे. भाषा मराठी, अक्षर मोठं, पडद्याचा उजेड पुरेसा, पडदा बंद व्हायची वेळ निदान 2 मिनिटं. पहिल्या पानावर सहा-सातच चिन्हं ठेवा आणि मांडणी कुलूपबंद करा. ही शेवटची गोष्ट विसरली जाते, आणि पहिल्याच दिवशी गोंधळ होतो.

तो असा होतो. ज्या हातानं आयुष्यभर खुरपं धरलं, ते बोट काचेवर हलकं टेकत नाही, ते दाबतं. दाबून ठेवलं की फोनला वाटतं चिन्ह हलवायचं आहे. चिन्ह थरथरतं, बोटासोबत सरकतं, दुसऱ्या चिन्हावर जाऊन बसतं, कधी गायब होतं. बाई दचकून फोन खाली ठेवते आणि म्हणते, ‘मी मोडला.’ ती पुढच्या वेळी शेजारणीकडे फोन सरकवते आणि नुसती बघत बसते. म्हणून मांडणी कुलूपबंद हवी, आणि सेटिंगमधल्या सुलभता विभागात स्पर्श धरून ठेवण्याची वेळ ‘जास्त’ करून ठेवायला हवी. कोरड्या, भेगाळलेल्या बोटाचा स्पर्श काच ओळखत नाही, त्यासाठी ओलसर कापड जवळ ठेवा. जाड काचेचं आवरण लावलं असेल तर त्रास वाढतो. बोटांचे ठसे झिजलेले असतात म्हणून ठशाचं कुलूप लावू नका, आकड्यांचं लावा. पहिले दोन वर्ग तर फोनविनाच घ्या: पडद्याचं रंगीत चित्र आडव्या कागदावर छापून, त्यावर बोट टेकवून उचलायचा सराव. टिचकी मारतो तसं नाही, भाकरी भाजली का बघताना तव्याला बोट लावून झटकन उचलतो, तसं. हे सांगितलं की बहुतेकींना जमतं.

आकडे: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

प्रौढ वर्गात आपण १, २, ३, ४ शिकवतो. फोनच्या पिनच्या पाटीवर, एटीएमवर, बँकेच्या संदेशात मात्र 1, 2, 3, 4 येतात. साक्षरता आणि फोन यांच्यामधली खरी दरी इथे आहे, आणि तिच्यासाठी धडा क्वचितच केलेला असतो.

अडचण नुसती नव्या आकड्यांची नाही. काही जुने आकडे नव्यांसारखे दिसतात, पण किंमत वेगळी. मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो. मराठी ४ आणि इंग्रजी 8 यांत नव्यानं शिकलेल्या डोळ्याला फरक कळत नाही. मराठी ७ हा 6 च्या जवळ जातो. जी बाई नुकतीच मराठी आकडे वाचायला शिकली आहे, ती जास्त चुकते, कारण तिला आता आकडा ‘येतो’. जिला काहीच येत नव्हतं ती विचारते तरी.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी 0, 2, 3, कारण ते दोन्हीकडे जवळजवळ सारखे आहेत आणि धीर येतो. दुसऱ्या दिवशी 1, 4, 5, 7. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी फक्त 6, 8, 9, आणि तेही जोड्या लावून: १ शेजारी 9, ४ शेजारी 8, ७ शेजारी 6. संघानं पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड छापून द्यावं, वर मराठी आकडा, खाली इंग्रजी, मागे तेवढे ठिपके. पंधरा बायांना पंधरा संच. छपाई एकदम केली की स्वस्त पडते, आणि एका गावानं स्वतः केली असती तर कधीच झाली नसती.

त्यानंतर फोनच्या आकड्यांची मांडणी. वरच्या ओळीत 1 2 3, तळाशी मधोमध 0. गणकयंत्रावर मात्र वर 7 8 9 असतात. हा फरक दाखवून द्या, नाहीतर गणकयंत्रावर सराव केलेली बाई पिन टाकताना चुकते. पिन सलग तीनदा चुकला की बहुतेक बँका यूपीआय काही तासांसाठी, बऱ्याचदा दिवसभरासाठी अडवतात, आणि बाजारात उभ्या असलेल्या बाईला वाटतं पैसे गेले.

रकमेचा सराव वेगळा करा. 500 आणि 5000, 150 आणि 1500. आकडा टाकल्यावर मोठ्यानं वाचायचा, मग शेजारणीनं वाचायचा, मगच पुढे. केंद्राच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजे ‘उल्लास’मध्ये, 15 वर्षांवरच्या असाक्षरांची नोंद होते आणि शेवटी 150 गुणांची चाचणी असते: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50. हा आकड्यांचा धडा त्या संख्याज्ञानाच्या तयारीला जोडूनच घ्या. दोन वेगळे वर्ग केले तर बाया एकालाच येतील.

धडे: नवे बनवण्याआधी जुने निवडा

मराठीत साहित्य कमी नाही. केंद्राच्या दीक्षा व्यासपीठावर आहे, बँकांनी केलेलं आहे, शासनाच्या विभागांनी केलेलं आहे. संघाचं काम ते पाहून, त्यातलं चालेल तेवढंच उचलणं. कसोटी सोपी ठेवा. तीन शिकणाऱ्या बायांना व्हिडिओ दाखवा, मध्ये काही समजावू नका, आणि संपल्यावर ते काम करून दाखवायला सांगा. दोघींना जमलं तर ठेवा. पदाधिकाऱ्यांना आवडला म्हणून ठेवू नका. यूट्यूबवरचं कुणाचंही उतरवून वाटू नका. खुल्या परवान्याचं असेल तेच घ्या, किंवा लेखी परवानगी मागा. संघाच्या पत्रावर मागितली की ती बऱ्याचदा मिळते.

तीन मिनिटांचा व्हिडिओ साधारण 480पी दर्जाला 15 ते 20 एमबी होतो. तेवढाच आवाजाचा धडा दीड एमबीत बसतो. जिथे नेट अशक्त, तिथे आवाज पुरतो. शिवाय भाषेचा प्रश्न आवाजानं सुटतो. मेळघाटात कोरकू, नंदुरबारला भिलोरी आणि पावरी, पालघरला वारली, खानदेशात अहिराणी. प्रमाण मराठीतला व्हिडिओ तिथे परका वाटतो. गावातल्याच एखाद्या बाईकडून तिच्या बोलीत तोच धडा फोनवर बोलून घ्या. खोलीत गोधड्या टांगल्या तर आवाज घुमत नाही. अशा एका ध्वनिफितीचा त्या भागातल्या दहा वर्गांना उपयोग होतो, आणि ती जपून ठेवण्याची जागा संघच.

आता त्या अक्षरांच्या खिचडीबद्दल. जुन्या कार्यालयांतलं मराठी टंकलेखन श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फाँटमध्ये झालेलं असतं. त्या संगणकावर ते मराठी दिसतं, फोनवर उघडलं की इंग्रजी अक्षरं. फोटो काढून पाठवला तर दिसतं, पण फोनला ते सहज वाचून दाखवता येत नाही, आणि जिला अजून भरभर वाचता येत नाही तिच्यासाठी फोननं वाचून दाखवणं ही मोठी सोय आहे. म्हणून संघानं एकच नियम करावा: वाटायचं साहित्य युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी मराठीच दिसेल अशा टंकलेखनात. जुनं असेल तर परिवर्तकातून काढा, पण तसंच पाठवू नका. बदलताना ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ आणि ‘ळ’ हमखास बिघडतात. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्याला’, ‘कुऱ्हाड’ हे शब्द शोधून तपासा. फायलीच्या नावात आधी क्रमांक, मग विषय, मग महिना. म्हणजे जून महिन्याचा धडा कोणता हे फोनवरून विचारावं लागत नाही.

शिकवणाऱ्या ताईंच्या पाठीशी

तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण, फाइल, पेन, प्रमाणपत्र. हे झालं की काम झालं असं धरू नका. चौथ्या आठवड्यात त्यातलं निम्मं विसरलेलं असतं. त्यात एक दिवस वाढवा आणि दिवस वाटून घ्या: सुरुवातीला 2 दिवस, मग दर पंधरा दिवसांनी अर्धा दिवस, असे चार वेळा. दर वेळी ताईंनी मागच्या पंधरवड्यात अडलेली एक गोष्ट घेऊन यायची आणि तिथे करून बघायची.

24 वर्गांमागे एक पूर्णवेळ समन्वयक आणि तीन मदतनीस, प्रत्येकीकडे 8 वर्ग. मदतनीस दर पंधरवड्यात प्रत्येक वर्गाला एकदा जाते. तिनं तिथे शिकवायला लागू नये. ताई शिकवतात तेव्हा मागे बसावं, फोन बघावेत, आणि वर्ग सुटल्यावर दहा मिनिटं बोलावं. तिच्या प्रवासाचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा. तो नसला की भेटी बंद होतात, आणि भेटी बंद झाल्या की पेट्या बंद पडतात. ताईंचा मानधनाचा प्रश्नही टाळू नका. ‘उल्लास’मधलं शिकवणं स्वयंसेवेचं आहे, पण पेटी सांभाळणं, ने-आण करणं हे जादा काम आहे आणि ते संघ देत असेल तर त्याचा मोबदला संघानंच द्यायला हवा.

मदतीचा एक नंबर ठेवा, संध्याकाळी 6 ते 9. आलेला प्रत्येक प्रश्न वहीत एका ओळीत. महिनाअखेर वही चाळली की कळतं, कोणता प्रश्न दहा गावांतून आला. त्याचाच पुढचा अर्ध्या दिवसाचा विषय करा. व्हॉट्सअ‍ॅपचे गट दोन हवेत. एकात फक्त संघ लिहितो, दुसऱ्यात सगळ्या. एकच गट केला तर सुप्रभात आणि वाढदिवसांखाली वर्गाची सूचना गाडली जाते.

पैसे, कागदपत्रं, फसवणूक

सामायिक फोनवर कुणाचंही यूपीआय कधीच लावायचं नाही. ते सिमला बांधलेलं असतं आणि तिच्याच फोनवर लागायला हवं. सराव 1 रुपयाचा: दोन बाया, दोघींचे स्वतःचे फोन, समोर बँक सखी. एकीनं पाठवायचा, दुसरीनं परत करायचा. पासबुकावर दोन्ही नोंदी दिसल्या की विश्वास बसतो. स्मार्टफोन नसेल तरी वाट आहे. साध्या फोनवरून चालणारं यूपीआय 123पे 2022 पासून आहे.

एक वाक्य प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणुकीचे बहुतेक फोन या एका वाक्यापाशी थांबवता येतात. दुसरा मजकूर 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. पैसे गेल्याचं लक्षात आल्यावर पहिल्या काही तासांत तिथे कळवलं तर रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता असते. फसलेली बाई घरच्यांच्या बोलण्याला घाबरून दोन दिवस गप्प बसते, आणि ती वेळ निघून जाते. म्हणून वर्गात आधीच ठरवून ठेवा की असं झालं तर कुठल्या ताईंना फोन करायचा, आणि त्या ताई एका शब्दानंही दोष देणार नाहीत.

आधार कार्डाचे, पासबुकाचे फोटो गटात मागवायची सवय संघानंच मोडायला हवी, कारण ती बहुधा संघानंच लावलेली असते. नोंदणीला लागणारी माहिती मदतनिसानं समोर बसून भरावी, फोटो काढला तर काम झाल्यावर पुसावा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे. पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं, कारण ते कागद आपल्यावर विश्वास ठेवून दिलेले असतात.

जमलं की नाही हे कसं ओळखायचं

हजेरीपट आणि समारंभाचे फोटो यांवरून काही कळत नाही. सहा कामं ठरवा: नाव शोधून फोन लावणं, आवाजाचा निरोप पाठवणं, बँकेचा संदेश उघडून शिल्लक वाचणं, फोटो काढून पाठवणं, बोलून शोध घेणं, आणि रक्कम टाकून पाठवण्याआधी पडताळणं. वर्ग संपताना मदतनीस प्रत्येकीला एकटीला बसवून बघते. मदत केली की ते काम ‘नाही’ धरायचं. तीस दिवसांनी पुन्हा तेच, तिच्या घरच्या फोनवर. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत आली तर दोष सहसा शिकवण्यात नसतो, घरी फोन तिच्या हाती येत नसतो. त्यावर उपाय धडा वाढवण्याचा नाही, घरच्यांशी बोलण्याचा, किंवा समूहाच्या कर्जातून तिचा स्वतःचा फोन घेण्याचा आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या शिकणाऱ्या

बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या संघांना हा प्रश्न दर वर्षी येतो. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, परततात त्या मार्च-एप्रिलला. शिक्षणाची साखळी तुटते ती इथेच, आणि एकटं गाव याबाबत काही करू शकत नाही. संघ करू शकतो.

जाण्याआधी पंधरा दिवस प्रत्येकीचं एक कार्ड भरा: कुठवर शिकली, सहांपैकी कोणती कामं येतात, टोळी कुठल्या कारखान्याला, मुकादमाचा नंबर, सोबत कुणाचा फोन. कारखाना महाराष्ट्रात असेल तर त्या भागात उमेदचा किंवा महामंडळाचा संघ बहुधा असतो. त्यांना यादी आधी पाठवा आणि विचारा, कोप्यांच्या, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपड्यांच्या, जवळ आठवड्यातून एकदा कुणी जाऊ शकेल का. जमलं नाही तरी तुमच्याकडून दर आठवड्याला एक आवाजाचा धडा गेला पाहिजे, दीड एमबीचा, तीन मिनिटांचा. थेट फोनवर वर्ग घ्यायचा आटापिटा करू नका. तोडीची वेळ गाडीच्या खेपेवर ठरते, आणि कोपीवर वीज नसते. फोन ट्रॅक्टरवर नाहीतर जवळच्या दुकानात चार्ज होतो. त्यामुळे तिला वेळ मिळेल तेव्हा ऐकता येईल असंच साहित्य चालतं. उत्तरही आवाजातच मागा: ‘आज किती टन झाला, किती पैसे लिहिले, ते आकड्यात सांगा.’ हिशेब तिचाच असल्यानं हा अभ्यास ती करते.

एप्रिलमध्ये टोळी परतली की पहिल्या आठवड्यात कार्ड काढायचं, सहाही कामं पुन्हा बघायची, आणि जिथे अडेल त्या धड्यापासून तिला वर्गात घ्यायचं. तोपर्यंत तिचं नाव हजेरीपटावरून काढू नका.